गळ्यातली पाटी

हिंगोली
१२ जानेवारी २०२५

भिया,

पत्र बघून लगेच चिडू नकोस. फोन तू उचलत नाहीस. विकासला केला तर तुझा हा लेक "आत्या, आवाज येऊन नाही राहिला" म्हणतो आणि ठेवून देतो. शेवटी म्हटलं, पोस्टानं जाऊ. पोस्टमन आठ दिवसांनी का होईना तांड्यावर येतो, आणि कागद फाडायचा झाला तरी माणूस आधी उघडून बघतो. तुला विकासच वाचून दाखवील. विकास, सगळं वाच रे बाबा, मधलं गाळू नकोस.

नऊ वर्षं झाली आपण बोललो नाही त्याला. मी मोजत नव्हते, पण परवा सरकारी दवाखान्यात भिकाबाई काकी भेटली, डोळे दाखवायला आली होती, तिनं मोजून दाखवली. मग म्हणाली, "रुपाचं लगीन ठरलं, तुला ठावं न्हाई? पुसदकडला तांडा हाय. पोरगं मास्तर हाय." मला ठावं नव्हतं. सख्ख्या आत्याला भाचीचं लग्न दवाखान्याच्या रांगेत कळलं. मी हसून म्हटलं, "हो का, छान." दुसरं काय म्हणणार होते?

काकी पुढं म्हणाली, "समदं बराबर हाय. पन पोरगी म्हन्ते, मी ढावलो म्हननार न्हाई. काहून म्हनलं तर म्हन्ते, माजी बोली वाकडी हाय, पोरी हसून राहिल्या."

तेव्हापासून मला झोप नाही. तुला आठवतं, याडी, आपली आई, तांड्यातल्या प्रत्येक नवऱ्या मुलीला पंधरा दिवस आधीपासून घेऊन बसायची. सासरी निघताना बापाच्या गळ्यात पडून कोणते शब्द रडायचे, आईच्या गळ्यात पडून कोणते, भावाच्या कोणते, हुंदका आला तरी सूर कुठं सोडायचा नाही. नवरी ढावलो गायली नाही तर तिला मायेचा पाझर नाही म्हणतात. आणि त्याच याडीची नात मुकी सासरी जाणार.

एक गोष्ट बघ. काकी माझ्याशी सगळं मराठीत बोलली. तिला मराठी बोलायला तकलीफ होते, तरी मराठीतच. मी आपली बोली, गोरमाटी, बोलेन असं तिला वाटलंच नाही.

रुपा आठ वर्षांची असताना तू तिला माझ्याकडे शिकायला ठेवलीस. पुढची सहा वर्षं तिनं पहिला नंबर सोडला नाही, हे तरी धर. बोलीचं म्हणशील तर शाळेचा नियमच तसा होता, मराठीतच बोलायचं. मी एकटी काय करणार? याडी भेटायला यायची तेव्हा रुपा अभ्यासात असायची, म्हणून त्यांचं फारसं बोलणं व्हायचं नाही. मग याडी अंथरुणाला खिळली, तिनं फोनवर रुपाला मागितलं, आणि रुपा म्हणाली, "आजी, काळजी घ्या." याडीनं तुला विचारलं, ही कोण? ते मला तू तेराव्याच्या दिवशी सांगितलंस. वर म्हणालास, "लेकरू दिलं होतं तुला. तू पावनी परत केलीस." आणि हे तू मराठीत म्हणालास, मला नीट कळावं म्हणून.

मला लग्नाला बोलव. पत्रिका नको, नुसतं ये म्हण. रुपाला समोर बसवून सांगायचं आहे की तिची बोली वाकडी नाही.

तुझी मिना


हिंगोली
२ फेब्रुवारी २०२५

भिया,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. मागच्या पत्रात मी थोडं खोटं लिहिलं आहे, ते मोडायला बसले आहे.

मंगळवारी आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी इतिहास शिकवते, त्यामुळे माझं नाव यादीत पहिलं. चहा, बिस्किटं, पंखा बंद, नेहमीचं. दुपारी एका सरांनी पडद्यावर परदेशातली जुनी छायाचित्रं दाखवली. गोऱ्यांनी समुद्रापलीकडचे मुलूख घेतले, तिथल्या मूळच्या लोकांची लेकरं उचलून वसतिगृहाच्या शाळांत घातली. केस कापले, कपडे बदलले, नावं बदलली, आईची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. सर म्हणाले, काही देशांत तर भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी फळी अडकवत. दुसरं पोरगं बोलताना सापडलं की फळी त्याच्या गळ्यात.

सभागृहात सगळे "अरेरे" म्हणाले. सरांनी विचारलं, "आपल्याकडं असं कुठं घडल्याचं कुणाला माहीत आहे?"

भिया, तू मला ओळखतोस. प्रश्न कुणालाही विचारला तरी हात माझा वर असतो. त्या दिवशी माझे दोन्ही हात मांडीवर होते. शेजारी शिलाबाई बसल्या होत्या, भल्या आहेत, मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं बाई, आपल्याकडं असलं काही नव्हतं." आणि मी म्हणाले, "हो ना."

याच शिलाबाई बारा वर्षांपूर्वी मला म्हणाल्या होत्या, "राठोड मॅडम, तुम्ही लमाणी वाटतच नाही हो." त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्या मेहुण्याला, संतोषला, ते आनंदानं सांगितलं होतं. गोड म्हणून शिरा केला होता. आता तो शिरा आठवला की नको होतं.

आता खोटं कुठं होतं ते सांगते. शाळेचा नियम वगैरे काही नव्हता. रुपाच्या शाळेत कुणाला पडलेलंच नव्हतं पोरगी कुठल्या भाषेत बोलते ते. नियम माझ्या घरात होता. बुटांच्या खोक्याचं झाकण कापून मी पाटी केली, वर स्केचपेननं लिहिलं, "मी मराठीतच बोलेन," आणि सुतळी ओवून रुपाच्या गळ्यात घातली. बोली तोंडातून निघाली की दिवसभर पाटी. जेवताना वरण सांडलं तर पुसून पुन्हा तीच. आठ वर्षांचं लेकरू, भिया. तुझं.

आणि याडी आली तेव्हा रुपा अभ्यासात नव्हती. संक्रांतीनंतर याडी धपाटे बांधून आली होती. तांड्यातल्या बायका साड्या नेसायला लागल्या तरी तिनं घागरा-कांचळी सोडली नाही. ती बसमधून तशीच आली, दंडापर्यंत बांगड्या, मी आधी शेजारचं दार बंद आहे ना ते पाहिलं. रुपा धावत पुढं आली आणि मधेच थांबली. गळ्यात पाटी होती. याडीनं जवळ घेतलं, बोलायला लागली, रुपा माझ्याकडं बघत गप्प. याडीला वाचता येत नव्हतं. तिनं त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "शाळेत बक्षीस भेटलं का लेकराला?"

मी हो म्हणाले.

तिनं रुपाची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली. परत जाताना बसस्टँडवर तिनं मला दोनदा सांगितलं, "पोरगीला बक्षीस भेटलं. मोहनला सांगते." तिनं तुला सांगितलंच असेल.

मिठावर इंग्रजांनी कर बसवला, हा धडा मी अठरा वर्षं शिकवला. ते मीठ बैलांच्या पाठीवर घालून देशभर नेणारे आपलेच तांडे होते, हे एकदाही सांगितलं नाही. रेल्वे आली हा तर माझा आवडता धडा, फळ्यावर इंजिन काढते. रेल्वेनं आपले बैल बसवले, धंदा गेला, आणि मग फिरणाऱ्या माणसांवर सरकारचा डोळा गेला. जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांत आपल्याही लोकांना ओढलं. आपला आजा वसराम सांगायचा, एका रातीसाठी पाहुण्याला जायचं तरी पोलीस पाटलाला सांगून जावं लागायचं, न्हाई सांगितलं तर चोर. मी म्हणायचे, आजाच्या गप्पा. मी त्या पुस्तकात वाचल्या असत्या तर खऱ्या मानल्या असत्या.

पण सगळं त्या गोऱ्यांवर ढकलून मी मोकळी होणार नाही. माझ्या घरात कुणी साहेब आला नव्हता. कात्री माझ्या हातात होती. ही युक्ती मला कुठून सुचली, ते तुला वेगळं सांगायला नको. आपल्या तांड्याच्या शाळेत गुरुजींकडे फुटकी पाटी होती, भोक पाडलेली. तू तिसरीत शाळा सोडलीस ती तिच्यामुळेच.

ये म्हण ना, भिया.

तुझी मिना


पुसेगाव तांडा
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

विकासदादा दोन वर्षांपासून पुण्यात कंपनीत आहे. त्यामुळे तुमची दोन्ही पत्रं मीच वाचली, ओट्यावर बसून, आई आणि बापूसमोर. मधलं काही गाळलं नाही.

बक्षिसाचं आलं तिथं माझं तोंड बंद झालं. बापू म्हणाले, "वाच." मी वाचलं. आई उठून आत गेली.

तुम्ही आजीला खरं सांगितलं नाही. पण मीही सांगितलं नाही. मला तर तेव्हा बोली येत होती, बसस्टँडवर तुम्ही तिकीट काढायला गेलात तेव्हा मी सांगू शकले असते. ती इतकी खूष होती की मी पण हसले. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

ढावलोचं तुम्ही मनावर घेऊ नका. तोंड उघडलं की प्रत्येक शब्द मी आधी तपासून बघते, तोवर सूर निघून जातो. रडत गायचं असतं, तपासून कसं रडणार?

बापू म्हणाले, पत्राला पत्रच पाठव. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहिते: "तिला लिही, समदं लिवलंस, मंग आपल्या शाळेत ती पाटी माज्या गळ्यात कशी आली त्ये बी लिव." मी विचारलं, कशी आली? तर ते बैलांना पाणी पाजायला गेले.

रुपा


हिंगोली
१ मार्च २०२५

भिया, आणि रुपा,

तीन कागद फाडले. पहिल्या दोन पत्रांत मी इतकं कबूल केलं की मला वाटलं, आता हे राहिलं तरी चालेल. मोठी चोरी लपवायला माणूस छोट्या चोऱ्या पुढं करतो. तुला ते बराबर कळलं.

रुपा, तुझ्या तोंडून हे बापूला ऐकवणं मला जड जातं आहे. तरी वाच.

मी दुसरीत होते, बापू तिसरीत. एकच खोली, एकच गुरुजी. ज्याच्या तोंडून गोरमाटी निघेल त्याच्या गळ्यात फुटकी पाटी. त्यानं दुसऱ्याला पकडून दिलं तर सुटका. शाळा सुटताना जिच्या-ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला हातावर पाच छड्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेचं पाणी भरायचं. आम्ही सगळी तांड्याचीच पोरं. मराठी येत नव्हती, म्हणून दिवसभर तोंडाला कुलूप. बापूला पाटी कधीच पडली नव्हती, कारण तो शाळेत बोलायचाच नाही.

त्या दिवशी सकाळीच पाटी माझ्या गळ्यात पडली. दुपार झाली तरी कुणी सापडेना. पोरं मला बघून लांब पळायची. मधल्या सुट्टीत बापू खेळून आला, घामाघूम, ओढ्याकडच्या लिंबाखाली बसला. मी रांजणातून तांब्या भरला. दारात उभी राहिले आणि घरच्यासारखं, लाडानं विचारलं, "भिया, पाणी?"

तो म्हणाला, "आवूचू."

येतो. एवढंच म्हणाला तो. आणि मी तांब्या हातात धरूनच ओरडले, "गुरुजी, मोहनसिंग बोली बोलला."

भिया, तू एकच वाक्य म्हणायचं होतंस. आधी हीच बोलली. भिया म्हणून हाक मीच मारली होती, आपल्या बोलीत. पाटी माझ्याच गळ्यात राहिली असती. तू माझ्याकडं बघितलंस आणि गप्प राहिलास. मी सुतळी काढून तुझ्या गळ्यात घातली. पाणी तू प्यायलाच नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू दप्तर खुंटीला लावलंस आणि बैलांमागं गेलास. याडीनं विचारलं, काहून? तू म्हणालास, "मला शाळा नको." बेचाळीस वर्षं हेच सांगत आलास. मी शिकले, नोकरीला लागले, पोरींपुढं भाषणं ठोकते की आमच्या घरात मीच पहिली शिकलेली. पहिली कशी झाले ते भाषणात नसतं.

इतकं होऊन तू तुझी लेक माझ्याकडं पाठवलीस. आणि मी तिच्यासाठी खोक्याचं झाकण कापलं.

मला लाज वाटते, भिया. सात वर्षांच्या मिनाला मी कदाचित माफ करीन, ती छडीला भ्यायली होती. चौतीस वर्षांच्या मिनाला कुणाची भीती होती? शेजारच्या दाराची.

आता बोलावू नकोस असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण तसं मला वाटत नाही. मला यायचं आहे.

मिना


हिंगोली
२७ एप्रिल २०२५

रुपा,

सासरी नीट पोचलीस हे तुझ्या आईनं कळवलं. हो, तिनं स्वतः फोन केला. पत्ता तिच्याकडूनच घेतला.

पत्रिका मला आली नव्हती. तरी आले, आगंतुक म्हण. शिलाबाईंना मुद्दाम सोबत आणलं. पाटीचं सगळं त्यांना आधीच शाळेत सांगून टाकलं होतं, स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या डब्यांसमोर. त्या रडल्या. मी म्हटलं, रडू नका, लग्नाला चला.

मांडवातलं तुला माहीतच आहे. तू आईच्या गळ्यात पडलीस आणि आवाज फुटेना. बायका कुजबुजायला लागल्या, कुणी तरी "दगडाची पोरगी" म्हणालं. मी मागं पाण्याच्या टाकीजवळ उभी होते. माझ्या लग्नात मीसुद्धा ढावलो गायले नव्हते. संतोषचे ऑफिसवाले आले होते ना. याडीनं शिकवलं होतं ते सगळं तसंच गिळून बसले होते. त्या दिवशी मी कशी पुढं आले आणि तोंड कसं उघडलं, मला आठवत नाही. आवाज चिरका निघाला. आणि गायले ते मामाचे शब्द, आईच्या जागी. भिकाबाई काकी भर मांडवात ओरडली, "अगं मास्तरीन, त्ये मामाचं हाय!" सगळा मांडव हसला. तू पण हसलीस, रडता रडता, आणि हसण्यातूनच तुझा सूर लागला. वाकडा होता. माझ्यापेक्षा सरळ होता. माझ्या गळ्यात पडलीस तेव्हा आत्यासाठीचे शब्द तुला येत नव्हते, तू याडीचे, म्हणजे आईसाठीचेच म्हणालीस. ते मी जपून ठेवले आहेत.

आता तू गेल्यानंतरचं सांगते, तेच सांगायला हे पत्र.

तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. पोरं मांडवाच्या झालरी काढायला लागली. बापू दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी आले तेव्हा बघितलं होतं, जेवायला वाढलं का ते कुणाला तरी विचारलं होतं, बस्स. मी पिशवी घेऊन लिंबाखाली बसले, हिंगोलीची गाडी यायला अवकाश होता. शिलाबाई शेजारी. बापू टाकीजवळ हात धूत होता. त्यानं तांब्या विसळला, भरला, आणि तिथूनच, सगळ्या मांडवाच्या पलीकडून हाक मारली.

"मिना, पाणी?"

कुणी मान वर करून बघितलं नाही. पाणी विचारलं एका माणसानं, त्यात बघायचं काय? शिलाबाई म्हणाल्या, "मला पण चालेल." तो तांब्या धरून उभा होता, तोंडावर काही नाही, अगदी त्या दिवशीसारखं.

तो शब्द मी बेचाळीस वर्षांत उच्चारला नव्हता, एकटी असतानासुद्धा.

"आवूचू," मी म्हणाले.

इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही. बापूनं कानामागं हात नेला.

"आवूचू, भिया," मी ओरडले. झालरी काढणारी पोरं थांबून बघायला लागली. मी उठले, गेले, त्याच्या हातून तांब्या घेतला आणि अर्धं पाणी प्यायले. उरलेलं अर्धं त्यानं माझ्या हातून घेऊन, तिथंच उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

आत्या